पुडीसारखा मसाला

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुडी बंद झाली.

नेहमीसारखा कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो, नेहमीच्या फळीवर हात घातला, तर हाताला सूपची पाकिटं लागली. दुकानदार गल्ल्यावरूनच म्हणाला, "ती टाको मसाल्याची ना? कंपनीनेच बंद केली. खरं सांगू, तुमच्याशिवाय नेत होतं कोण!" आणि हसला. मीपण हसलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

घरात थोड्या आहेत. आठवडा निघेल, ताणून.

ताईला सांगितलं नाही. सांगून काय होणार?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाजार पालथा घातला. नाही. दुसऱ्या कंपनीची मिळाली, ती आणली. रंग जरा जास्त लाल, बाकी सगळं तेच, असं मला वाटलं. ताईने ताट पुढे ओढलं, वास घेतला, आणि ताट दोन्ही हातांनी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवलं. माझ्यासमोर. रागाने नाही. शेजाऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलं की देऊन टाकतात, तसं.

मी खाल्लं. बरं होतं.

तिच्यासाठी पुन्हा खिमा परतला, घरच्या पुडीतला. जेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चेहरा का असा?" (त्या डॉक्टर नाहीत. डोळे तपासतात, नंबर काढतात. गिऱ्हाइकं डॉक्टरीणबाई म्हणतात आणि आता त्यासुद्धा दुरुस्त करत नाहीत.) चष्म्याच्या दुकानात त्या पुढच्या खोलीत, मी मागच्या खोलीत काचा कापत बसलेला, मध्ये पडदा. पडद्याआडून सांगणं सोपं जातं, म्हणून सगळं सांगून टाकलं.

की माझी मोठी बहीण साठीला टेकली. ती जन्मापासून वेगळी आहे. बोलते मोजकं, आणि बरेचदा समोरच्याचाच शेवटचा शब्द त्याला परत करते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सकाळी लोणी लावलेला पाव, दुपारी केळं आणि दूध, आणि संध्याकाळी टाको. मक्याची कडक घडी खोक्यात मिळते ती, तीत खिमा, खिम्यात त्या पुडीचा मसाला. वर टोमॅटो नाही, चीज नाही, काही नाही. वर्षानुवर्षं. एकदा आईला स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून तिने ती पुडी आणली होती. ताईने आयुष्यात पहिल्यांदा "अजून" म्हटलं. त्यानंतर आईला कंटाळा करायची सोय राहिली नाही!

"मग एखाद्या दिवशी नाही खाल्लं तर?"

तर दुसऱ्या दिवशी सकाळचा पावही नाही. दुपारचं केळंही नाही. एकदा झालंय. आई दवाखान्यात होती. दादा, वहिनी, मी, सगळे धावपळीत. पुड्या संपल्या हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी आईच्या शेजारच्या खाटेवर ताईला सलाइन लागलं. आई म्हणाली, "चला, दोघी एका ठिकाणी सापडतो तरी."

पडद्यापलीकडून — "घरी करून बघा की. मसालाच तर आहे."

मसालाच तर आहे! बरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुडीच्या मागे काय काय आहे ते इतक्या बारीक अक्षरात छापलंय की दुकानातलं भिंग आणावं लागलं. मिरची, जिरे, मीठ, साखर, मक्याचं पीठ, कांद्याची पूड, लसणाची पूड. पुढे लिहिलंय "मसाले". आणि शेवटी "स्वाद". मसाल्यात काय, तर मसाले! घोडं इथेच पेंड खातंय.

तरी केला. जिरे मंद भाजले, गार केले, कुटले. मिरची चांगल्यातली आणली, तिखट कमी आणि रंग जास्त. कांदा-लसणाची पूड तयार मिळते. मसालेवाल्याने ओरेगानो गळ्यात मारलं. "साहेब, याच्याशिवाय टाको म्हणजे नुसता खिमा." चिमूटभर मिरपूड. सगळं बरणीत घालून हलवलं. खिम्यावर टाकल्यावर घरभर असा वास सुटला, की वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात थांबल्या. "आज काय विशेष?"

ताईने ताट सरकवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उरलेला खिमा डब्यात घालून दुकानात नेला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घेतला. मालकांनी बोटं चाटली. "अरे, काचा सोड, हे विक!"

पास झालो. फक्त ज्या परीक्षेला बसलो होतो तिच्यात नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल तिखट कमी केलं. आज लसूण वाढवला. दोन्ही वेळा ताट माझ्याकडे. हल्ली माझं जेवण फार चांगलं होतं. वजन वाढेल बहुतेक, चुकीच्या माणसाचं.

वहिनीचा फोन. ती आणि दादा लांब राहतात, आठवड्याला एकदा फोन असतो, आणि तो दादा करतो पण बोलते वहिनी.

"भावोजी, निवासातून फोन होता. खोली रिकामी झालीय."

निवास म्हणजे शहराबाहेर ताईसारख्या मोठ्या माणसांसाठी राहायची जागा आहे. आई गेल्यावर दादाने तिथे नाव घालून ठेवलं होतं. मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

"ती तिथे खायची नाही," मी म्हणालो.

"का? नेऊन द्यायच्या पुड्या. तिथली माणसं करून घालतील."

"पुडी बंद झाली."

वहिनी म्हणाली, "म्हणजे आता ती इथेही खाणार नाही आणि तिथेही खाणार नाही. मग इथेच कशाला राहायचं?"

वहिनीचा तर्क बिनतोड असतो. दादा मागून ओरडला, "अगं, त्याला दडपण नको देऊस!" — फोन त्यानेच लावून दिला होता.

"माझं काही नाही," मी म्हणालो. "ताईचं बरं होईल तसं करू." असं म्हणून ठेवला. ताई टेबलाशी बसून हे ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. ती खोक्यावरचं चित्र बघत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची पुडी. वापरायच्या आधी चमचाभर मसाला बाटलीत काढून ठेवला, नमुना म्हणून. बाकीच्याचा खिमा.

ताई जेवली. टाको मोडून उरलेला चुरा बोटाने टिपून खाल्ला, नेहमी खाते तसा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

माझा मसाला. ताट सरकलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळचा पाव नाही. दूध अर्धा पेला. संध्याकाळी पुन्हा करून बघितलं, साखर घालून. नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाव नाही. केळं नाही. दूध दोन घोट.

डॉक्टरांना घरी बोलावलं. खरे डॉक्टर. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, ताईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी पितायत तोवर ठीक. पण आणखी ओढू नका. परवापर्यंत काही पोटात गेलं नाही तर भरती." मग मला बाजूला घेऊन — "भूक लागली की माणूस खातं हो!" मी म्हटलं, हे तुम्ही तिला सांगा. त्यांनी ताईला सांगितलं.

"खातं हो," ताई म्हणाली.

डॉक्टर खूश होऊन गेले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एका गिऱ्हाइकाच्या काचा उलट्या बसवल्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. माणूस चष्मा घालून दारापर्यंत गेला आणि दाराच्या चौकटीलाच "माफ करा" म्हणाला.

मालकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

दुपारी डॉक्टरीणबाई पडदा बाजूला करून आत आल्या. आत कधी येत नाहीत, धूळ असते म्हणून. काचांच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"तुम्ही तिला विचारता काय?"

"विचारत काही नाही. ताट ठेवतो."

"म्हणजे अख्खा चष्मा बनवून थेट नाकावर चढवता! आणि ती नको म्हणाली की पुन्हा अख्खा नवा. असा कुणी नंबर काढतं का?" त्यांना रागच आला होता. "माणसाला 'कसं दिसतं' विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येत नाही. एकच काच बदलायची आणि विचारायचं, हे बरं की ते? मग लहान पोरसुद्धा सांगतं."

"ती काय सांगणार? 'हे की ते' विचारलं तर 'ते' म्हणेल. शेवटचा शब्द."

"मग शब्द कशाला मागता? सरकवते ना? सरकवू द्या."

इतके दिवस सरकवलेलं ताट बघतोय. ते उत्तर आहे, हे कधी डोक्यात आलं नाही. तक्रार वाटत होती.

त्याच संध्याकाळी —

दोन बशा. एकीत माझे भाजून कुटलेले जिरे. दुसरीत न भाजता दळलेले. ताई खिडकीशी बसली होती, तिथेच स्टूल ओढून दोन्ही समोर ठेवल्या. पाच मिनिटं काहीच नाही. ती बशांकडे बघेना. मी उठणार, इतक्यात तिने भाजलेल्या जिऱ्यांची बशी सरकवली. माझ्याकडे.

मग न भाजलेले ताजे, आणि कपाटात मागे पडलेली जिऱ्याची जुनी पूड, आईच्या वेळची, डबीला चिकटलेली. मला तिच्यात जिऱ्यांचा वास येतच नव्हता.

"ही तर नुसती धूळ," मी म्हणालो.

"धूळ," ताई म्हणाली, आणि ती बशी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मला आज कळलं. मी चांगला मसाला करत होतो. तिला चांगला नकोय. तिला पुडीचा हवाय. महिनोन्‌महिने गोदामात पडलेल्या, स्वस्तातल्या जिऱ्यांचा, पीठ जास्त आणि मसाला कमी. चांगलं करणं सोपं असतं. नेमकं तेवढंच वाईट करायला डोकं लागतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रजा घेतली. मालक म्हणाले, "घे, घे. चौकटीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकतील."

सकाळपासून बशा. मिरची — चांगली सरकवली, कोपऱ्यावरच्या दुकानातली फिकट, विटकरी पूड ठेवून घेतली. लसूण — कमी. कांदा — जास्त. मिरपूड चालली. ओरेगानोची बशी इतक्या जोरात सरकवली की खाली पडून फुटली. मसालेवाल्याचं मत फेटाळण्यात आलं.

मध्ये मध्ये ती बोट बुडवून चाटते. डॉक्टरांना हे 'पोटात गेलं' यात धरता येईल का, विचारावं.

मीठ वाढवलं, आणखी वाढवलं. साखर. मक्याचं पीठ तर इतकं, की हा मसाला आहे की पावडर लावून फिरायला निघालोय! मला चव भयंकर वाटली. शाळेच्या खडूला मीठ-मिरची लावल्यासारखी. पण ताई दोन्ही बशांवर वाकून बघत होती. डोक्यावरून ओढलेली शाल खांद्यावर आली होती. चार दिवसांत तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्यात.

मग चमचाभर काढून ठेवलेला नमुना एका बशीत, माझा मसाला दुसरीत.

माझी बशी सरकवली.

पुन्हा थोडा बदल. पुन्हा माझी सरकली. दुपारपर्यंत हेच. मी हात टेकले. तिला म्हटलं, "ताई, मला नाही कळत काय कमी आहे."

"कमी आहे," ताई म्हणाली.

आणि उठली. भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. ती स्वयंपाकघरात येत नाही, चुलीच्या आवाजाला घाबरते. आईने लहानपणी घातलेला नियम आहे, उंबऱ्याच्या आत यायचं नाही. तो नियम ती आई गेल्यावरही पाळते. आज आली. कपाट उघडलं. एकेक डबी काढून झाकण उघडायचं, नाकाला लावायची, जागच्या जागी ठेवायची. चहा. साखर. वेलची. खाण्याचा सोडा. मी दारातच उभा राहिलो. मध्ये बोललो असतो तर थांबली असती.

कोकोची डबी घेऊन आली. मी थंडीत दुधात घालून पितो ती.

"मसाल्यात कोको?"

"कोको."

तिने स्वतःच चमच्याच्या टोकावर घेतला, अगदी थोडा, आणि माझ्या बशीत झटकला. बोटाने कालवलं. वास घेतला. मग नमुन्याच्या बशीकडे ढुंकूनही न बघता ती बशी घेऊन टेबलाशी जाऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. कर की खिमा!

केला. कांदा नाही, काही नाही, नुसता खिमा आणि ती धूळ. पाणी घातल्यावर पिठाने जरा दाट झालं, पुडीचं व्हायचं तसंच.

एक टाको. मग अर्धा. मग चुरा बोटाने टिपून.

डॉक्टरांना फोन केला. "बघा, मी म्हटलं नव्हतं!" म्हणाले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पाव खाल्ला. दुपारी केळं. मी कामावर गेलो. काचा जिथल्या तिथे बसवल्या.

३ मार्च, सोमवार

काल मोठी बरणी भरून मसाला केला. दोघांनी. म्हणजे मी मोजून घालतो, ती प्रत्येक डबी आधी हुंगते आणि मग मला देते. एकदा दिली नाही, कांद्याची नवी पूड होती. उघडून बघितलं तर ओल धरलेली. टाकली.

दुकानासाठी वेगळा केला, भाजलेल्या जिऱ्यांचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तिचा द्या ना, चव तरी बघू." दिला. त्यांनी खाल्ला. बराच वेळ चावत राहिल्या.

"हा... हा असाच हवा आहे तिला?"

असाच.

"कमाल आहे," म्हणाल्या आणि घटाघटा पाणी प्यायल्या.

९ मार्च, रविवार

घरात आता सगळं सरकतं.

निळा स्वेटर सरकवला. आईने विणलेला, दर थंडीत घालते, मला वाटायचं आवडता आहे. रेडिओ सरकवला, बातम्या चालू असताना, पार भिंतीपर्यंत. पंधरा वर्षं मी तिच्यासाठी बातम्या लावतोय! संध्याकाळी फिरायला निघालो तर फाटकाशी उजवीकडे वळली. आपण नेहमी डावीकडे जातो, असं म्हटलं. "जातो," म्हणाली आणि उजवीकडेच चालत राहिली. उजवीकडे सायकलच्या दुकानासमोर एक बाक आहे. तिथे बसून दुकानातला माणूस चाकाच्या तारा कशा सरळ करतो ते बघत बसली. मला बोलावं लागलं नाही. बरं वाटलं.

वहिनीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भावोजी, इतकी वर्षं आपण तिला काही विचारलंच नाही की हो."

दादा या वेळी मागून काही ओरडला नाही.

१२ मार्च, बुधवार

काही विशेष नाही. अर्धी बरणी संपली.

१८ मार्च, मंगळवार

निवासाच्या बाईंचा फोन, दुकानात. बोलायला मऊ आहेत. "घाई नाही, पण खोली फार दिवस अडवून ठेवता येत नाही. आणि जेवणाचं म्हणाल तर आमच्याकडे एकेकाला एकेक लागतं. एक आजोबा फक्त पांढऱ्या रंगाचं खातात. तुमचा मसाला कसा करायचा तेवढं सांगा, होईल."

म्हणजे मसाल्याचं कारण गेलं. इतके दिवस तेच पुढे करत होतो.

"कळवतो," म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याआडून ऐकलं असणार. दिवसभर 'हे बरं की ते' चालू होतं त्यांचं.

२२ मार्च, शनिवार

ठरवलं. नाही सांगायचं.

लिहून बघतो का ते. ताई नीट खाते. घर सुरळीत आहे. मला काही अडचण नाही. मला कुठे जायचंय? लग्न करायचं राहिलं ते राहिलं, त्याचं आता काही नाही. काम दोन गल्ल्यांपलीकडे. पूर्वी संध्याकाळी घरी यायचो ते वेळ झाली म्हणून. हल्ली येताना मनात असतं, आज काय सरकवलं असेल! कालच माझी उशी माझ्या खाटेवरून उचलून खुर्चीत ठेवली होती. का, माहीत नाही. मी तशीच राहू दिली.

तेव्हा नाही. झालं.

२३ मार्च, रविवार

वहिनीला सांगितलं. वाटलं होतं वाद घालेल. म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. पण एकदा जाऊन या. नाहीच सांगायचं तर तोंडावर सांगा. त्या बाईंनी खोली अडवून ठेवलीय आपल्यासाठी. आणि ताईंनाही न्या. तेवढीच हवापालट."

रास्त आहे. पुढच्या रविवारी जाऊ.

२८ मार्च, शुक्रवार

नवी बरणी. कोको ताईनेच घातला. बाईंना द्यायला एक छोटी बाटली भरून ठेवली, त्या आजोबांची गंमत सांगितली म्हणून. आपल्याकडून आठवण. पांढरी नाही, पण असो.

३० मार्च, रविवार

सकाळ. नऊची बस. ताईने करड्या रंगाचा स्वेटर घातलाय, निळा नाही. बूट घालून दाराशी उभी आहे, मला लिहिताना बघतेय. तिला म्हटलं, नुसतं जाऊन यायचंय हं, दुपारच्या केळ्याला घरी.

"घरी," म्हणाली.

निघतो.

३१ मार्च, सोमवार

कालचं.

बाईंनी चहा दिला. मग खोली दाखवली. खाट, कपाट, खुर्ची, खिडकीबाहेर लिंबाचं झाड. ताई खुर्चीवर बसली. मी बाईंना नीट समजावून सांगितलं की आमचं आता घरीच छान चाललंय. त्या हो, हो म्हणाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून दोनदा म्हणाल्या. मग मी ताईला म्हटलं, "चल, निघू या."

"तू जा," ताई म्हणाली.

मी दाराबाहेर जाऊन थांबलो. वाटलं, मागून येईल. मग वाटलं, निदान हाक मारेल. बाई म्हणाल्या, "आठवडाभर राहू दे त्यांना. मग बघू." मी मान डोलावली, मसाल्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

फाटकाबाहेर पडलो. बस लगेच मिळाली.